निवड कोणाची, जबाबदारी कोणाची?

अस्तित्ववाद ही महायुद्धाने पोळलेल्या युरोपीय मध्यमवर्गाची वैफल्यगाथा आहे, कष्टकऱ्यांच्या देशात तिचे काय काम, असे म्हणून पुरोगामी मंडळींनी या तत्त्वज्ञानाची पुष्कळ वर्षे बोळवण केली. दि. के. बेडेकरांसारख्या मार्क्सवादी विचारवंताने अस्तित्ववादाची ओळख करून देणारे स्वतंत्र पुस्तक मराठीत लिहिले, तरीही कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गांत त्याला फारसे स्थान मिळाले नाही. या उपेक्षेचा परिणाम उलटाच झाला. ज्या विचाराची धार प्रस्थापितांना लागायची, त्यातला ‘निवड’ हा एकच शब्द प्रस्थापितांनी सोयीने उचलला. शिक्षणव्यवहाराच्या आजच्या भाषेत विद्यार्थी शाळा ‘सोडतो’, पालक दुसरी शाळा ‘निवडतात’ आणि पट आपोआप ‘घटतो’. शासन तेवढे कशाचीच निवड करीत नाही!

वस्तुतः सार्त्रने १९४५ साली पॅरिसच्या व्याख्यानात काय सांगितले? कारागिराच्या मनात सुरीचा उपयोग आधी ठरतो आणि मग सुरी घडते. माणसाचे तसे नाही. तो आधी जगात येतो आणि तो कोण, हे त्याच्या कृतींतून पुढे ठरत जाते. युरोपात हा विचार देवशास्त्राला धक्का देणारा ठरला. आपल्याकडे तर तो गावगाड्याच्या मुळावरच घाव घालतो, कारण जातिव्यवस्थेने शतकानुशतके माणसाला त्या सुरीसारखेच वागविले. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे आणि तीत माणसाच्या आवडीला वा कुवतीला जागा नाही, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच बजावले होते. म्हणून हजेरीपटावरील आडनाव वाचून ‘याचे पुढे काय व्हायचे ते ठाऊकच आहे’ असे मनाशी ठरविणारा शिक्षक सार्त्रचे नाव न ऐकताही त्याच्या पहिल्याच सिद्धांताचा पराभव करीत असतो. वर्गातल्या कोणत्याही मुलाचे भवितव्य आधीच लिहिलेले नाही, ही अध्यापनाची पहिली अट होय.

परंतु शिक्षकांच्या परीक्षांसाठी खपणाऱ्या मार्गदर्शिकांत अस्तित्ववादाची जी चार पाने येतात, त्यांत ही अट बाजूला राहते. विद्यार्थ्याला निवडीचे स्वातंत्र्य द्यावे, शिक्षकाने केवळ मार्गदर्शक व्हावे, असे गुळगुळीत निष्कर्ष पाठ केले की गुण मिळतात. हे निष्कर्ष हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वरला नेऊन पाहावेत. पूर्णा नदी येथे धरणाने अडविली आहे; कालव्यांनी तिचे पाणी वसमत, परभणी, नांदेडकडे जाते. ज्या शेताला पाणी पोचले तेथे ऊस-हळद उभी राहते, ज्याला पोचले नाही ते पावसाकडे डोळे लावते. हिंगोलीसह मराठवाड्याच्या अनेक जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकरी व भूमिहीन कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात आणि दिवाळीच्या आगेमागे नवरा-बायकोचा ‘कोयता’ साखर कारखान्याच्या वाटेला लागतो. धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी बरोबर जाते. उन्हाळ्याच्या तोंडावर ती परतते, तोवर वर्गाचे पुस्तक संपत आलेले असते. या मुलीने कोणती निवड केली? तिच्या आईबापांनी तरी कोणती केली? उचल ज्या दिवशी घेतली, त्याच दिवशी तिची शाळाही गहाण पडली. अशा मुलीच्या नावापुढे ‘गळती’ असा शेरा मारणे म्हणजे कर्जाचा हिशेब कर्जदाराच्या लेकराच्या नावावर टाकणे होय.

खुद्द सार्त्रलाही आपल्या आरंभीच्या मांडणीतील ही उणीव जाणवली होती. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने टंचाईला इतिहासाच्या मध्यभागी आणून बसविले आणि मार्क्सवाद हेच या युगाचे तत्त्वज्ञान असल्याचे मान्य केले. लंडनजवळच्या विमानतळावरील एका कृष्णवर्णीय कामगाराचे उदाहरण तो देतो. वर्णामुळे वैमानिक होण्याचा मार्ग बंद असलेल्या त्या कामगाराने एक विमान उचलले आणि कसलेही शिक्षण नसताना ते खाडीपलीकडे नेले. माणूस निवड करतोच. पण कोणती दारे उघडी आणि कोणती बंद, हे समाज ठरवितो, असा त्याचा अर्थ आहे. मार्गदर्शिकांना हा सार्त्र परवडत नाही.

यावर काही कार्यकर्ते म्हणतील, मग आधी समाजरचना बदलू, वर्गाचे मागाहून पाहू. हा युक्तिवाद क्रांतिकारक भासतो, परंतु तोही जबाबदारी टाळण्याचाच एक प्रकार आहे. आपल्या भूमिकेच्या आड दडून ‘माझ्या हाती काहीच नाही’ असे स्वतःला पटविणे, याला सार्त्रने आत्मवंचना म्हटले. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या, माहितीचे तक्ते भरता भरता थकलेल्या शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे होईल. त्याचीही दारे कोणीतरी बंद केली आहेत. तथापि, स्थलांतरित मुलीला परतल्यावर मागच्या रांगेत बसवायचे की तिच्यासाठी धडा पुन्हा उघडायचा, हे त्याच्याच हाती असते. पाउलो फ्रेरे या ब्राझिलियन शिक्षणतज्ज्ञाने अस्तित्ववाद आणि मार्क्सवाद यांची सांगड घातली ती येथेच. अक्षर शिकताना आपली दारे कोणी बंद केली, हेही शिकता आले पाहिजे, असा त्याच्या अध्यापनाचा आशय होता.

निवडीचा खरा जाब शासनाला विचारला पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शेजारशाळेचे वचन दिले. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरचे अंतर नियमांनी ठरले. त्याच राज्यात २०२३ च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागविले गेले. आधी मुले फडावर जाऊ द्यायची आणि मग पट नाही म्हणून शाळा हलवायची, हीही निवडच आहे आणि ती सहा वर्षांच्या मुलाने केलेली नाही.

कार्यकर्त्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या मजूर पालकांच्या हाती खरोखर येतील असे पाहावे. कोयते हलण्यापूर्वी गावोगाव मुलांच्या याद्या कराव्यात आणि हंगामी वसतिगृहे कागदावर न राहता वेळेवर उघडतील यासाठी झगडावे.

सिद्धेश्वरच्याच परिसरात औंढा नागनाथ आहे. याच जिल्ह्यातल्या नरसीच्या नामदेवांना तेथे दारातून उठविले, ते मागे जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, अशी आख्यायिका लोक आजही सांगतात. लोकांच्या न्यायबुद्धीने देवळालाही फिरायला लावले. शाळेला तेवढे का जमू नये?