भोजनाची मात्रा आणि भुकेची स्मृती

संयुत्त निकायात कोसलनरेश पसेनदी याची एक कथा आहे. हा राजा द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा असाच आकंठ जेवून तो धापा टाकीत तथागतांच्या भेटीस आला. तथागतांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही, की उपवासाचे व्रतही सांगितले नाही. भोजनाची मात्रा जाणण्याविषयीची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणास पाठ करावयास लावली आणि आपल्या भोजनसमयी म्हणण्याचे काम त्याच्यावर सोपविले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला आणि शरीर हलके झाले.

अतिभोजनाला आपण खादाडपणा म्हणून मोकळे होतो. या कथेतील निदान वेगळे आहे. राजाला उणीव होती ती स्मृतीची. आधुनिक शरीरशास्त्रही याला दुजोरा देते. जठर ताणले जाते, आतड्यांतून संप्रेरके स्रवतात आणि 'पुरे' हा संदेश मेंदूस पोहोचतो. परंतु त्याला सुमारे २० मिनिटे लागतात. दहा मिनिटांत ताट संपविणाऱ्याला किंवा मोबाईलकडे पाहत जेवणाऱ्याला तो संदेश ऐकू येणार कसा?

तथापि, राजाला जे औषध लागू पडले ते आपल्या मुलांना तसेच लागू पडेल असे नाही. राजाने कधी उपासमार पाहिली नव्हती. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ निरोगी स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले. पुढे त्यांना पोटभर अन्न मिळू लागले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांची पोटे भरली, पण भूक भागेना. सहा महिन्यांच्या भुकेचा हा परिणाम असेल, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या भुकेचा किती असेल, याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकाने केलाच पाहिजे.

आपल्या पूर्वजांच्या वाट्याला शिळे, उष्टे आणि मेलेल्या जनावराचे मांस आले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा प्रश्न केवळ आहाराचा नव्हता, माणुसकीचा होता. ज्या घरात उद्याच्या भाकरीची शाश्वती नव्हती, तेथे 'मिळेल तेव्हा खाऊन घे' हे शहाणपण होते. परिस्थिती पालटली, तरी ती शिकवण घराघरांत टिकून राहिली. म्हणून वसतिगृहात नव्याने आलेले मूल ताटात भाताचा ढीग घेते, तेव्हा त्याला 'अधाशी' म्हणणे हा अन्याय आहे. ते मूल लोभी नाही. त्याला उद्याची खात्री नाही.

या मुलाला आधी खात्री हवी, मग गाथा. 'पुन्हा मागितलेस तर पुन्हा मिळेल' हा शब्द भोजनगृहाने रोज पाळला, तर काही दिवसांत ढीग आपोआप उतरतो. 'ताटात काही टाकू नकोस' ही शिकवण योग्यच आहे. मात्र वाढणाऱ्याने भरमसाट वाढायचे आणि मुलाने पोट भरल्यावरही ते संपवायचे, हा तिचा अर्थ नव्हे. प्रथम थोडे घ्यावे, सावकाश जेवावे, थांबून स्वतःस विचारावे आणि मग हवे तर पुन्हा घ्यावे. यात अन्नाचाही मान राहतो आणि शरीराचाही.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. भुकेची जागा आता पाकिटांतील खाऊने घेतली आहे. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने केलेल्या प्रयोगात कारखानी प्रक्रिया केलेले अन्न खाणारी माणसे नकळत दिवसाला सुमारे ५०० कॅलरी अधिक खात असल्याचे दिसले. ज्यांच्या आजोबांनी उपासमार सोसली, त्यांच्याच नातवंडांना मधुमेहाने गाठावे, ही आपल्या उन्नतीची शोकांतिका ठरेल.

बाबासाहेबांनी आपल्याला 'नको' म्हणण्याचे सामर्थ्य दिले. इतरांनी टाकलेल्या उष्ट्याला आपण ते म्हणालो. आता स्वतःच्या भरलेल्या ताटासमोर बसूनही योग्य क्षणी 'पुरे' म्हणता यावे, हे शिक्षण निवासी विद्यालयाखेरीज कोण देणार? येथे मूल दिवसातून दोनदा पंगतीस बसते. तोही एक वर्गच आहे.