एकाच ताटाची घरे

गोदातीरी पंचवटीत श्रीरामांनी पर्णकुटी उभारली ती सीता आणि लक्ष्मणासह. वनवासातही त्यांचे घर एका माणसाचे नव्हते. आज त्याच नाशिकमध्ये गंगापूर रोडवरील सुसज्ज सदनिकांत मुले पुण्यात वा परदेशात, जोडीदार कालवश आणि स्वयंपाकघरात एकच ताट, असे चित्र दिसते.

२०११ च्या जनगणनेत देशातील एका माणसाच्या घरांचे प्रमाण ४ टक्क्यांहून कमी होते. जपानमध्ये २०२० साली ते ३८ टक्के भरले. या तुलनेने सुखावून 'आपली कुटुंबव्यवस्था भक्कम आहे', असे व्यासपीठावरून सांगितले जाते. पण ते अल्प प्रमाण म्हणजेसुद्धा सुमारे ९० लाख घरे! एकाकीपणाच्या प्रश्नासाठी ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये मंत्री नेमला. शासनाने येऊन दार ठोठावण्याची वेळ येईपर्यंत हिंदू समाजाने स्वस्थ बसायचे काय?

सारा दोष तरुणांच्या माथी मारणे सोपे आहे. मात्र सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी गाव सोडून खोलीत राहणारा कामगार हौसेने एकटा नसतो. पोटासाठी घर सोडणाऱ्याला कृतघ्न ठरवणे हा अन्याय होय. जुन्या वाड्यांचे गोडवे गाताना तेथील विधवेचे आश्रित जिणेही विसरता येणार नाही. २००७ चा कायदा वृद्ध मातापित्यांना मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देऊ शकतो. पण सायंकाळी 'जेवलात का?' असे विचारणारे माणूस कोणतेही न्यायाधिकरण देऊ शकत नाही.

ते काम शेजारधर्माचे. १८९९ च्या प्लेगात भगूरच्या सावरकर बंधूंचे पितृछत्र हरपले, तेव्हा संसर्गाचे भय न बाळगता नाशिकच्या दातार कुटुंबाने त्यांना आपल्या घरी आणले. स्नेहाचे नाते तेवढ्याला पुरले! आज सोसायट्या फाटकावर कॅमेरे बसवतात, गणेशोत्सवाची वर्गणी नेमाने गोळा करतात. परंतु वर्गणी देणाऱ्या आजींचे दार चार दिवस उघडले नाही, तर त्याची नोंद कोणाच्या वहीत होते?

कुटुंबसंस्थेचा गौरव भाषणांनी पुष्कळ झाला. तिची परीक्षा शेजारच्या बंद दाराशी आहे. प्रत्येक गणेश मंडळाने वर्गणीच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवावी, तीत गल्लीतील एकट्या माणसांची नावे लिहावीत आणि रोज कोणीतरी त्या दाराशी जाऊन यावे. तेवढे जमले नाही, तर संस्कृतीचा अभिमान मिरवण्याचा अधिकार कोणत्या तोंडाने सांगायचा?