गॅरंटी आणि वॉरंटी : बिलावर लिहिण्यापूर्वी

काही दिवसांपूर्वी आम्ही पडेगावात एका फर्निचर कारागिराच्या दुकानात बसलो होतो. एक गिऱ्हाईक दोन वर्षांपूर्वीचे बिल घेऊन आले. कपाटाच्या दाराचा प्लाय फुगला होता आणि बिलावर कारागिराच्याच हाताने ‘पाच वर्षे गॅरंटी’ असे लिहिलेले होते. कारागीर म्हणाला, “साहेब, दार दुरुस्त करून देतो.” गिऱ्हाईक म्हणाले, “गॅरंटी म्हणजे बदलून द्यायचे, नवे कपाट द्या.” दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. भांडण एका शब्दाचे होते, आणि तो शब्द दोघांपैकी कोणीही नीट ठरवून घेतलेला नव्हता.

आपल्या बाजारात सर्वसाधारण समज असा की, गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार. हा बाजाराचा रिवाज आहे. कायद्यात अशी व्याख्या नाही. मुळात इंग्रजीतले हे दोन्ही शब्द एकाच घराण्यातले. उत्तर फ्रान्सच्या बोलीत जो शब्द ‘व’ने सुरू होई, तोच इतर फ्रेंच बोलीत ‘ग’ने सुरू होई, आणि इंग्रजीने दोन्ही रूपे घेतली. वॉर्डन आणि गार्डियन ही जोडीही तशीच. परंतु भाऊ वेगळे निघावेत तसे कायद्यात या दोन शब्दांचे संसार वेगळे झाले आहेत.

वॉरंटी हा मालविक्रीच्या 1930 च्या कायद्यातला शब्द आहे. त्याच्या कलम 12 प्रमाणे सौद्यातली जी अट मुख्य हेतूशी निगडित असते ती ‘कंडिशन’. ती मोडली तर गिऱ्हाईक माल नाकारू शकते. जी बाब मुख्य हेतूला जोडून येते ती ‘वॉरंटी’. ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, पण माल नाकारता येत नाही. मात्र त्याच कलमात असेही म्हटले आहे की, करारात वॉरंटी असे नाव दिले तरी ती बाब प्रत्यक्षात कंडिशन असू शकते. म्हणजे ‘गॅरंटी’ खोडून ‘वॉरंटी’ लिहिले की आपण सुटलो, असे कोणी समजू नये. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर मुदत लिहिलेली नसेल आणि 30 दिवसांच्या आत सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार दिला, तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का तेथे उपयोगी पडत नाही.

गॅरंटी हा 1872 च्या करार कायद्यातला शब्द, आणि तेथे त्याचा अर्थ जामीनकी. कलम 126 प्रमाणे दुसऱ्याने कर्ज फेडले नाही तर मी फेडीन, असे वचन म्हणजे गॅरंटी. जामीन हा शब्द आपल्याकडे अरबी ‘ज़ामिन’वरून आला आहे, त्याचे वजन आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होते. पण बँकेत मेहुण्यासाठी किंवा शेजाऱ्यासाठी ‘गॅरंटर’च्या रकान्यात सही करताना पुष्कळांना वाटते की आपण केवळ साक्षीदार आहोत. तसे नाही. कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागावे, मग जामीनदाराकडे यावे, असाही नियम नाही. बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली हे स्पष्ट केले. खालच्या न्यायालयाने बँकेला आधी कर्जदाराकडून वसुली करण्यास सांगितले होते; तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

म्हणून आमचे व्यापारी आणि कारागीर बंधूंना सांगणे एवढेच की, बिलावर नुसती ‘गॅरंटी’ किंवा ‘वॉरंटी’ लिहू नका. आपल्या भाषेत एक ओळ लिहा : “दोन वर्षांत जोड सुटल्यास फुकट दुरुस्त करून देऊ, पाण्याने प्लाय फुगल्यास जबाबदारी नाही.” काय देणार, किती दिवस देणार आणि काय देणार नाही, या तिन्ही गोष्टी त्यात याव्यात आणि पैसे घेण्यापूर्वी गिऱ्हाईकाला वाचून दाखवाव्यात. आणि कोणाच्या कर्जावर गॅरंटर म्हणून सही करायचीच असेल तर जबाबदारीची रक्कम कागदावर लिहून घ्या, आणि ती रक्कम आपल्या खिशातून भरण्याची तयारी असेल तरच सही करा.

त्या दिवशी पडेगावातला तंटा नवे दार बसवून मिटला. मजुरी कारागिराची, प्लायचे पैसे निम्मे-निम्मे. दुसऱ्याच दिवशी त्याने बिलबुक नवे छापायला टाकले.