प्रोजेक्ट विकत मिळतो, प्रश्न मिळत नाही

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी प्रोजेक्ट विकत घेतला होता. कॉलेजपासून रिक्षाने दहा मिनिटांवर एका झेरॉक्सच्या दुकानाला पोटमाळा होता. तिथे सीडी आणि छापील रिपोर्ट मिळायचा. विषय होता वाचनालयाच्या नोंदींचे सॉफ्टवेअर. आम्ही मुखपृष्ठावरची नावे बदलली, काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरे छापून घेतली आणि तोंडी परीक्षेला जाऊन बसलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच साधा प्रश्न विचारला : ‘एकच पुस्तक दोघांनी एकाच वेळी मागितले तर तुमचा प्रोग्रॅम काय करतो?’ आम्ही चौघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. तरीही गुण चांगले पडले. त्या दिवशी ती आम्हाला हुशारी वाटली होती.

आज मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. नोकरीसाठी आलेल्या मुलामुलींच्या मुलाखती घेताना मी पहिल्यांदा प्रोजेक्टबद्दलच विचारतो. दहा मिनिटांत कळते की तो कुणाचा आहे. पूर्वी पोटमाळ्यावर मिळायचे ते आता एआयकडून एका रात्रीत मिळते, तेही फुकट. चार वर्षे शिकून, कर्जाचा हप्ता डोक्यावर घेऊन आलेला मुलगा स्वतःच्या नावावरच्या कामाबद्दल दोन वाक्येही बोलू शकत नाही, तेव्हा मला राग येत नाही. मला तो पोटमाळा आठवतो.

म्हणून या वेळी विद्यापीठातल्या प्रोजेक्टबद्दल लिहायचे ठरवले. विषय किरकोळ वाटेल. परंतु आपल्या अनेक घरांत पदवीपर्यंत पोहोचलेला मुलगा किंवा मुलगी ही पहिलीच पिढी असते. कंपनीत चाचा नसतो, विद्यापीठात मामू नसतो. आपल्याबद्दल बोलेल असे आपले काम तेवढे असते. तेच विकत आणले, तर हातात उरते काय?

एक खरी गोष्ट सांगतो. कानपूरच्या आयआयटीची आहे.

एखादी संख्या मूळ आहे की संयुक्त, हा प्रश्न आपण सहावी-सातवीपासून सोडवत आलो आहोत. ७, ११, १३ अशा लहान संख्यांना अडचण येत नाही. पण शंभर आकडी संख्या समोर आली तर? एकेका संख्येने भागून बघायचे म्हटले तर जगातल्या सगळ्यात वेगवान संगणकालाही विश्वाचे वय पुरणार नाही. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या आरएसए पद्धतीला अशा प्रचंड मूळ संख्या लागतात, म्हणून हा प्रश्न फक्त गणिताच्या वहीतला नाही. जलद तपासणीच्या पद्धती होत्या. पण कुठे थोडी चूक होण्याची शक्यता राहायची, कुठे सिद्ध न झालेले गृहीतक धरावे लागायचे. खात्रीचे उत्तर देणारी, कोणतेही गृहीतक न मागणारी आणि संख्या कितीही वाढली तरी आवाक्यात राहणारी पद्धत कुणालाच सापडली नव्हती.

कानपूरच्या प्राध्यापकांनी जो धागा धरला, तो आपल्याला अकरावी-बारावीत भेटलेला आहे : द्विपद प्रमेय. (क्ष + १) चा पाचवा घात उलगडा. सहगुणक येतात १, ५, १०, १०, ५, १. दोन टोकांचे १ सोडले तर मधल्या सगळ्यांना ५ ने भाग जातो, कारण ५ ही मूळ संख्या आहे. आता चौथा घात घ्या : १, ४, ६, ४, १. मधल्या ६ ला ४ ने भाग जात नाही, कारण ४ मूळ नाही. हा नियम प्रत्येक संख्येला लागू पडतो. अडचण एवढीच की संख्या शंभर आकडी असेल तर सहगुणकही तितकेच प्रचंड संख्येने येतात. ते सगळे न उलगडता उत्तर काढता येईल का?

प्रा. मनिंद्र अग्रवाल आणि प्रा. सोमनाथ बिस्वास यांनी १९९९ मध्ये या वाटेवर एक पद्धत मांडली. मात्र तिच्यात यदृच्छेचा, म्हणजे नाणेफेकीसारख्या निवडीचा भाग होता. तो काढून टाकता येईल का, हा पुढचा प्रश्न. २००१ मध्ये रजत भट्टाचार्जी आणि प्रशांत पांडे या बी.टेक.च्या दोन विद्यार्थ्यांनी त्यावर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट केला. त्यांना अंतिम सिद्धता मिळाली नाही. काय करून पाहिले, कोणता अंदाज खरा वाटतो, हे त्यांनी रिपोर्टमध्ये लिहून ठेवले. पुढच्या वर्षी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या दोघांनी तिथूनच पुढे काम सुरू केले. तोही बी.टेक.चा प्रोजेक्टच होता. २००२ च्या उन्हाळ्यात पदवी संपली, दोघे तिथेच पीएच.डी.ला लागले आणि अग्रवाल सरांबरोबर काम चालू राहिले. ४ ऑगस्ट २००२ रोजी तिघांनी नऊ पानांचा शोधनिबंध जगभरच्या तज्ज्ञांना पाठवला. चार दिवसांत न्यूयॉर्क टाइम्सने त्याची बातमी दिली. २००४ मध्ये तो ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि २००६ मध्ये त्याला गोडेल पुरस्कार मिळाला. तिघांच्या आडनावांवरून ती पद्धत आज ‘एकेएस’ म्हणून शिकवली जाते.

प्रत्यक्ष वापरात आजही त्याआधीच्या, किंचित शक्यतेवर चालणाऱ्या पद्धतीच जास्त चालतात, कारण त्या अधिक वेगवान आहेत. एकेएसचे मोल वेगळे आहे. हे काम करणे शक्य आहे का, या जुन्या प्रश्नाला तिने ‘हो’ असे पक्के उत्तर दिले.

‘ती आयआयटी, आपले कुठे तसे नशीब,’ असे कुणीतरी म्हणेलच. बरोबर आहे, तिथली मुले देशभरातून निवडलेली असतात. पण या गोष्टीतला जो भाग मला महत्त्वाचा वाटतो, त्याला आयआयटी लागत नाही. शिक्षकाजवळ एक जिवंत प्रश्न होता आणि तो त्यांनी पदवीच्या मुलांना सोबत घेऊन सोडवला. पहिल्या जोडीने अपुरे राहिलेले काम प्रामाणिकपणे लिहून ठेवले. दुसऱ्या जोडीने ते वाचले. आपल्या किती कॉलेजांत मागच्या वर्षीचा रिपोर्ट पुढच्या वर्षीची मुले वाचतात? कपाटात गठ्ठे पडून राहतात आणि एके दिवशी रद्दीत जातात.

महाराष्ट्रातलेही एक उदाहरण आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, म्हणजे सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी २००८ च्या सुमारास एक छोटा उपग्रह बनवायला घेतला. नाव ‘स्वयम्’, वजन सुमारे एक किलो. हौशी रेडिओवाल्यांचे संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवणे हे त्याचे काम. २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ ने तो अवकाशात सोडला. मधल्या आठ वर्षांचा हिशेब करा. ज्यांनी सुरुवात केली ते केव्हाच पास होऊन नोकरीला लागले होते. आपण कॉलेजात असताना हे उडणार नाही, हे ठाऊक असूनही मधल्या तुकड्यांनी सर्किट जोडले, चाचण्या घेतल्या, नोंदी ठेवल्या आणि काम ज्युनियरच्या हाती दिले. हे देणेघेणे नसते, तर उपग्रह प्रयोगशाळेतच राहिला असता.

आता आपल्याकडे वळू. आपल्या जलशांत अल-ख्वारिज्मीचे नाव हमखास येते. ‘अल्गोरिदम’ हा शब्द त्याच्या नावावरून आला, हे सांगितले की टाळ्या पडतात. ते खरेच आहे. पण नवव्या शतकातल्या बगदादमध्ये त्याने बसून केलेले काम आपल्या खात्यावर जमा होत नाही. आपल्या खात्यावर आपण बारावीनंतरच्या चार वर्षांत काय केले, तेच जमा होईल.

सरकारकडे मागायचे ते मागितलेच पाहिजे. अल्पसंख्याक समाजातल्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. दुसऱ्या योजनांशी ती मिळतीजुळती आहे, असे कारण लोकसभेत देण्यात आले. ज्या घरांतून नुकतेच कुणी पीएच.डी.पर्यंत पोहोचू लागले होते, त्यांच्या पायाखालची एक पायरी त्यामुळे गेली. तिच्यासाठी आवाज उठवत राहायला हवे. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ या संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेला मंजुरी दिली आहे, तिच्या कामाचा पाठपुरावाही आपणच करायचा आहे. पण फेलोशिप मिळवायलाही संशोधनाची सवय लागते, आणि ती सवय लागण्याची पहिली जागा पदवीचा प्रोजेक्ट हीच आहे. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

विषय कुठून आणायचा? आपल्या आजूबाजूला जे दिसते तिथूनच. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर धागा तुटला की माग थांबवायला माणूस धावतो. कमी पैशांत ते ओळखणारा सेन्सर जुन्या मागाला बसवता येईल का? कारखान्यातला आवाज किती डेसिबल असतो आणि आठ-दहा तास तिथे उभे राहणाऱ्याच्या कानांचे काय होते? उर्दूच्या नस्तालीक लिपीत अक्षरे तिरकी उतरत, एकमेकांना बिलगून येतात, म्हणून छापील पान संगणकाला वाचायला लावणे कठीण जाते. आपल्या आजीची दखनी मोबाईलला नीट कळत नाही. हे प्रश्न मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत बसलेल्यांच्या कानावर सहसा पडत नाहीत. आपल्या कानावर रोज पडतात. आणि हे केवळ इंजिनिअरिंगवाल्यांचे काम नाही. वाणिज्यची विद्यार्थिनी मोहल्ल्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांच्या कर्जाचा हिशेब मांडू शकते, समाजशास्त्राचा विद्यार्थी उर्दू शाळेतून मराठी माध्यमाच्या कॉलेजात आलेल्या मुलांची गळती मोजू शकतो. जिला संध्याकाळी पाचला घरी परतावे लागते, त्या मुलीलाही तिच्या गल्लीतच संशोधनाचा विषय आहे, आणि तिथल्या बायका तिच्याशी जेवढे मोकळे बोलतील तेवढे कुणाशीच बोलणार नाहीत.

राज्यातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा दरवर्षी होते. मानव्यशास्त्रांपासून शेती, औषधनिर्माण, अभियांत्रिकीपर्यंत सगळ्या शाखांना तिच्यात जागा आहे. पदवी, पदव्युत्तर, संशोधक विद्यार्थी यांच्याप्रमाणे शिक्षकांसाठीही वेगळा गट असतो. आपल्या कॉलेजची नोंदणी होते की नाही, एवढे तरी विभागप्रमुखांना विचारा. पुष्कळदा कुणी विचारत नाही म्हणून होत नाही.

दोन शब्द शिक्षकांना. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकाला संशोधन करा म्हणणे सोपे आहे, पगार कधी होईल याचा त्याला भरवसा नसतो. पदोन्नतीसाठी पैसे देऊन निबंध छापून आणण्याची पद्धत कशी पडली, तेही सगळ्यांना माहीत आहे. तरी एक विनंती आहे. वीस गटांना वीस तयार विषय वाटण्यापेक्षा, तुम्हाला स्वतःला उत्तर माहीत नसलेला एक प्रश्न एका गटाला द्या. ‘मलाही माहीत नाही, बघू या’ हे सरांच्या तोंडून ऐकलेले वाक्य मुले विसरत नाहीत.

आणि आपल्यासारख्या संघटनांनी काय करावे? आपण वह्या वाटतो, गुणवंतांचे सत्कार करतो. ते चालू राहू दे. त्याबरोबर प्रत्येक शहरात नोकरीतल्या पाच-सहा जणांनी एकेका गटाला महिन्यातून दोन रविवार द्यावेत. कोड लिहून द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे आणि जमलेले, फसलेले सगळे लिहून घ्यायचे. ते रिपोर्ट मोहल्ल्याच्या वाचनालयात आणि इंटरनेटवर सर्वांसाठी खुले ठेवायचे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही. मी माझे दोन रविवार आजच देऊन ठेवतो.

एआय वापरू नका, असे मी म्हणणार नाही, मी स्वतः रोज वापरतो. पण कोड इतका स्वस्त झाल्यावर नोकरी देणारा आता दुसरेच काही शोधतो : हा प्रश्न तुला का पडला, काय करून पाहिलेस, कुठे अडलास. याची उत्तरे ज्याने काम केले त्याच्याकडेच असतात.

शेवटच्या वर्षाला असाल, तर लवकरच प्रोजेक्टचा विषय नोंदवायची तारीख येईल. त्याआधी एका संध्याकाळी कागद घेऊन बसा. घरात, गल्लीत, अब्बांच्या कामावर रोज खटकणाऱ्या दहा गोष्टी लिहा. त्यातली एक मोजता येईल अशी निवडा आणि तो कागद घेऊन सरांकडे जा. वर्षअखेरीस काम अर्धवट राहिले तरी चालेल. जिथे थांबलात, तिथपर्यंतचे नीट लिहून ठेवा. पुढच्या बाकावरचे कुणीतरी तिथून उचलेल.