मोबाईलचें दुखणें

गेल्या महिन्यांत आमच्या सासूबाईंच्या मोबाईलची पाठ फुगूं लागली. लिथियम-आयन बॅटरी जीर्ण झाली, म्हणजे आंतील द्रवाचें विघटन होऊन वायु सांठतो. तो फुगवटा दाबूं नये, टोचूं नये, व यंत्र पुन्हां विजेस लावूं नये. दहिवडीच्या बाजारांतला कारागीर तासाभरांत बॅटरी बदलून देतो. पण हमीची मुदत शिल्लक होती. चिरंजीवांनीं मोबाईल बंद करून साताऱ्याची एस्‌.टी. गांठली.

अधिकृत केंद्रांत प्रथम कागद पुढें आला: आंतील मजकूर पुसला गेल्यास जबाबदारी आमची नाहीं. त्यांत मामंजींचीं शेवटच्या दिवाळीचीं छायाचित्रें, आणि त्यांचा आवाजहि! चिरंजीवांनीं लेखणी खालीं ठेविली व विचारिलें, "बॅटरी बदलावयास मजकूर कशाला पुसावयाचा?" छायाचित्रें बॅटरींत नसतात, हें तेथील कारागिरानेंहि मान्य केलें, मुख्य पट्टी बदलल्यास मात्र तीं जातात. मग "केवळ बॅटरी बदलणें, मजकूर पुसूं नये" असें पावतीवर लिहून घेतलें. १५ आंकडी आय्‌.एम्‌.ई.आय्‌. क्रमांकहि पडताळला. (सांकेतिक शब्द पावतीवर लिहूं देऊं नये, ही माझी पुस्ती.)

यंत्र पुण्यास घेतलें होतें. तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें तक्रार राहत्या जिल्ह्यांत करितां येते. तशी वेळ आली नाहीं.

सायंकाळीं सासूबाईंनीं छायाचित्रें पाहिलींच नाहींत. आधीं आवाज लाविला: "अहो, चहा झाला का?"