ओल भिंतीला, औषध मुलाला

"डॉक्टर, तुम्ही औषध बदलून बघा. भिंत काही आम्हाला बदलता येत नाही."

एका आईने मला हे ऐकवले त्याला आता वर्ष होईल. मुलगा सहा वर्षांचा. दर जूनला खोकला सुरू, रात्री दोन-तीनच्या सुमारास जास्त, छातीत शिट्टीसारखा आवाज, महिन्यातून एकदा तरी नेब्युलायझरसाठी धावाधाव. दिवाळीनंतर हळूहळू कमी होणार आणि पुढच्या जूनला पुन्हा तेच. मे महिन्यात आजोळी सोलापूरकडे गेला की पंपाची आठवणसुद्धा होत नसे. मी दोन पावसाळे त्याला तपासत होतो. पंपाचा डोस वाढवला, नाकाचा स्प्रे दिला, पंप ओढायची पद्धत पुन्हा पुन्हा शिकवली. घर कसे आहे, हे मात्र मी तिसऱ्या पावसाळ्यात विचारले. हा उशीर माझा.

तिने मोबाइलवर फोटो दाखवला. पलंगाची उशाकडची भिंत, खालून तीन-साडेतीन फुटांपर्यंत पोपडे आलेली, आणि कोपऱ्यात काळे-हिरवट ठिपके. त्या भिंतीला टेकून मुलाची उशी. भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर. घर भाड्याचे, अकरा महिन्यांचा करार, त्यातले चार महिने उरलेले.

पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या खोकल्यांपैकी बहुतेक साध्या विषाणूंचे असतात आणि आठ-दहा दिवसांत बरे होतात, हे आधीच सांगतो. प्रत्येक खोकल्यामागे बुरशी शोधू नका. पण खोकला दर पावसाळ्यात त्याच घरात येतो, चार दिवस गावाला गेले की थांबतो आणि परत आल्यावर दोन रात्रींत सुरू होतो, असे असेल तर डॉक्टरांना हे आपणहून सांगा. आम्ही विचारू याची वाट पाहू नका. पाच मिनिटांच्या तपासणीत भिंत निसटते.

बुरशीला जगायला फारसे काही लागत नाही. रंग, पुट्टी, प्लायवूड, कागद, गादीवरची धूळ, यातले काहीही तिला अन्न म्हणून चालते. कमी असते ते फक्त पाणी. ओली झालेली वस्तू एक-दोन दिवसांत सुकली नाही की ती वाढू लागते आणि डोळ्यांना न दिसणारे बीजाणू हवेत सोडते. ते श्वासातून आत गेले की ॲलर्जीची प्रवृत्ती असलेल्यांना शिंका, चोंदलेले नाक, डोळ्यांना खाज आणि दमा असेल तर दम्याचा जोर. त्याच ओलीवर धुळीतले अतिसूक्ष्म किडेही (डॉक्टर त्यांना माइट्स म्हणतात) गादी-उशीत पोसले जातात. त्यामुळे ओलसर घरात नेमका दोष कोणाचा हे वेगळे काढता येत नाही, आणि काढायची गरजही नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वे काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दम्याचा त्रास जास्त होतो, याला पुरेसा पुरावा आहे असे त्यात म्हटले आहे. बुरशीची 'सुरक्षित' पातळी अशी कोणतीही संख्या मात्र त्यांनी दिली नाही. म्हणून बुरशी काळी की हिरवी, तिची जात कोणती, हे शोधायला हवेचे नमुने तपासून घेण्यात पैसे घालवू नका. डोळ्यांना दिसते आणि नाकाला वास येतो, एवढे पुरे आहे. 'काळी बुरशी विषारी असते' असे व्हॉट्सॲपवर फिरते, त्यानेही घाबरून जाऊ नका. निरोगी माणसाला बहुतेक वेळा त्रास होतो तो सर्दी-खोकल्याइतकाच.

काही जणांनी मात्र थांबू नये. केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे यांनी बुरशीच्या खोलीत झोपू नये आणि ती साफ तर अजिबात करू नये. दुसरे, जुना दमा असूनही पंपाने आटोक्यात येत नाही, खोकल्यातून तपकिरी, घट्ट गुठळ्या पडतात, एक्स-रेवर डाग दिसतो, असे असेल तर अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीची फुप्फुसातली ॲलर्जी असू शकते. आपल्याकडे डाग दिसला की टीबी समजून औषधे सुरू होतात आणि असे कितीतरी रुग्ण महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या घेऊन मग योग्य ठिकाणी पोहोचतात. थुंकीच्या तपासणीत टीबी सापडला नसेल आणि दमा जुना असेल तर रक्तातल्या आयजीई तपासणीबद्दल विचारा. आणि मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर भिंत, मालक, करार सगळे बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठा.

आता मूळ मुद्दा. भाड्याच्या घरात ही ओल कोणाची?

घरमालकांचे ठरलेले उत्तर असते, "तुम्ही खिडक्या उघडत नाही, घरात कपडे वाळत घालता." यात थोडे तथ्य आहे, नाही असे नाही. एका बादलीभर ओल्या कपड्यांतून लिटर-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत जाते. पण मला सांगा, दोन खोल्यांच्या घरात, बाल्कनी आधीच खोलीत घेतलेली असताना, जुलै महिन्यात माणसाने कपडे वाळवायचे कुठे? मुंबई-ठाण्याच्या त्या दिवसांत बाहेरच्याच हवेत ऐंशी-नव्वद टक्के आर्द्रता असते. खिडकी उघडून ओल जाते ती उघडीप असेल तेव्हा, धो धो पावसात नाही.

शिवाय सगळी ओल एका प्रकारची नसते आणि भांडण नेमके इथेच होते. हवेतली ओल कपाटामागे, कोपऱ्यात, छताच्या कडेला ठिपक्यांच्या रूपात दिसते. गळतीची ओल डागासारखी असते, तिला कडा असते, ती पसरत जाते. नैऋत्येकडून पाऊस झोडपतो म्हणून पश्चिमेच्या भिंतीला ती जास्त. वरच्या मजल्याच्या न्हाणीतून येणारी ओल बाराही महिने असते, फेब्रुवारीतसुद्धा. तळमजल्याच्या जुन्या घरात जमिनीतून ओल चढते आणि भिंतीला पांढरा लोणा लागतो. शंका असेल तर एक सोपा प्रयोग करा. वीतभर चौकोनी प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा आणि दोन दिवस तसेच ठेवा. पाणी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे जमले तर ते भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीच्या हवेतले आहे. फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

भिंतीतून येणारे पाणी भाडेकरूच्या सवयींमुळे येत नाही आणि त्याने कितीही पुसले तरी थांबत नाही. तरी त्यावर उपाय म्हणून काय होते? मे महिन्यात नवीन भाडेकरूला घर दाखवायच्या आधी रंग. पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची, वर चकचकीत ऑइल पेंट. जुलै उजाडेपर्यंत भिंत छान दिसते आणि एजंटचे कमिशन तोवर पचलेले असते. मला हा प्रकार केवळ काटकसर वाटत नाही, ही फसवणूक आहे. आत पाणी खेळत असताना वरून बंद केलेली भिंत सुकूच शकत नाही. मालक जुने घर विकत घेताना असा रंग स्वतः चालवून घेईल का?

मालकांची बाजूही मी ऐकली आहे, कारण तेही माझे रुग्ण आहेत. निवृत्त माणूस, त्या एका फ्लॅटच्या भाड्यावर औषधपाण्याचा खर्च भागतो. गळती वरच्या घरातल्या न्हाणी ट्रॅपची. वरचे म्हणतात, आमच्याकडे काही गळत नाही, लाद्या फोडू देणार नाही. सोसायटी म्हणते, हा तुमचा दोघांचा प्रश्न. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे: गच्चीतून, पावसाने किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून येणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची आणि संडास, सिंक वगैरेंची आतली गळती संबंधित सभासदाने. पण संस्थेला पत्र लिहायचे ते सभासदाने, म्हणजे मालकाने. भाडेकरूच्या अर्जाला कमिटी विचारत नाही. म्हणून मालक गप्प बसला की सगळी साखळीच थांबते आणि खोकतो तो साखळीच्या शेवटी झोपणारा.

कायद्याचे सांगायचे तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, उलट करार नसेल तर, जागा राहण्यायोग्य दुरुस्तीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. ऐकायला छान वाटते. पण आपले अकरा महिन्यांचे करार 'लीव्ह अँड लायसन्स'चे असतात, त्यात तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असता, आणि या कलमाचा आधार सरळ मिळत नाही. त्यामुळे करारात काय लिहिले आहे यावरच सगळे येऊन ठरते. आणि करारात काय असते? भिंतीला खिळा ठोकला तर डिपॉझिटमधून किती कापणार, हे असते. गळतीबद्दल एक ओळ नसते. माझे मत असे की ती ओळ छापील मसुद्यातच असायला हवी: गळती कळवल्यापासून इतक्या दिवसांत दुरुस्ती, नाहीतर डिपॉझिट न कापता घर सोडण्याची मुभा. तोपर्यंत सही करण्याआधी तुम्ही ती मागून घ्या. मालक नाही म्हणाला तर निदान भिंतीबद्दल काही कळले, असे समजा.

इंग्लंडमध्ये २०२० साली रॉचडेल शहरात एक दोन वर्षांचा मुलगा दगावला. तो राहत होता ते घर एका गृहनिर्माण संस्थेकडून भाड्याने घेतलेले होते. घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हे त्याच्या मृत्यूचे कारण असल्याचे २०२२ मध्ये तिथल्या कॉरोनरने स्पष्ट नोंदवले, आणि २०२३ मध्ये त्याच मुलाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. अशा संस्थांनी ओल-बुरशीची तक्रार ठराविक मुदतीत हाताळलीच पाहिजे, असा. त्या मुलाच्या वडिलांनी तक्रार केली तेव्हा त्यांना मिळालेला सल्ला होता, वरून रंग मारा. आपल्याकडे मृत्यूच्या दाखल्यावर भिंत कधी येणारच नाही, एवढाच फरक.

तोवर घरात काय करायचे? पलंग आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे तरी सरकवा. मुलाची उशी ओल्या भिंतीपासून दूर, हे आजच. कपडे मशीनमध्ये जास्तीत जास्त पिळून, शक्यतो झोपायच्या खोलीत नाही. न्हाणीचा एक्झॉस्ट फॅन अंघोळीनंतरही थोडा वेळ चालू ठेवा. एसी असेल तर 'ड्राय' मोड वापरा, फिल्टर धुवा. बुरशी टाइल, काच, रंगवलेली भिंत अशा कडक पृष्ठभागावर असेल तर साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून. कोरड्या ब्रशने घासू नका, सगळे हवेत उडते. दमा असलेल्याने त्या वेळी घरात थांबू नये. बुरशी लागलेली उशी, गादी, पुठ्ठे टाकून द्या, जीव कितीही वर-खाली झाला तरी.

दोन गोष्टी कळकळीने. ब्लीच आणि संडास साफ करायचे ॲसिड एकत्र करू नका; त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो. आणि ओलीचा कुबट वास घालवायला धूप, उदबत्ती, मच्छर कॉइल किंवा खोलीत निखाऱ्याची शेगडी नको. धुराने दमा वाढतोच, शेगडीने तर बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. पंपही घर कोरडे होण्याची वाट बघत बंद ठेवायचा नसतो. 'सवय लागते' हा गैरसमज मी अजून रोज ऐकतो.

त्या आईला मी शेवटी एक चिठ्ठी दिली. मुलाला दमा आहे, ओल आणि बुरशीने तो बळावतो, निजायच्या खोलीतील ओलीचे कारण शोधून दूर करणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे. एवढेच. दोष कोणाचा, हे मी लिहिले नाही, ते लिहिणे माझे कामही नाही. ती सुरुवातीला चिठ्ठी द्यायला घाबरत होती. "चिडले तर करार वाढवणार नाहीत, मुलाची शाळा जवळ आहे," म्हणाली. तीन आठवडे चिठ्ठी तिच्या पर्समध्येच होती. मग मालकाच्या मुलाला व्हॉट्सॲपवर चिठ्ठी आणि भिंतीचे फोटो एकत्र पाठवले, तारखांसह. ते पुढे सोसायटीकडे गेले. वरच्या घरातल्या लाद्या निघायला डिसेंबर उजाडला. गळती ट्रॅपचीच निघाली.

या पावसाळ्यात मुलगा दोनदा सर्दी घेऊन आला. नेब्युलायझर एकदाही लागला नाही. पंप चालू आहे, डोस निम्म्यावर आणला आहे. नव्या गिलाव्यावर रंग अजून दिलेला नाही. भिंत आधी पूर्ण सुकू द्या, असे मीच त्यांना सांगितले आहे.