डोंगर उचलता आला पाहिजे

आमच्या घरी प्लायच्या फळीवर बोरघाट आहे. प्रमाण १:८७, रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर. (आपल्या ब्रॉडगेजला हे अरुंदच, पण बाजारात तेच मिळते!) १८६३ साली सुरू झालेल्या खऱ्या घाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे, आमचा त्याहून सौम्य.

डोंगर बाबांनी फळीलाच पक्का चिकटवला होता. थर्मोकोल, जाळी, वर प्लास्टर. फार देखणा. दिवाळीत गाडी नेमकी बोगद्यात घसरली. हात पोचेना. शेवटी बाबांनीच छिन्नीने डोंगर फोडला आणि दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत.

नवा डोंगर मी सुटा केला. खाली हलकी चौकट, चार खुंट्या; सांधा झुडपांच्या ओळीत दडवलेला. तरी उन्हात तो दिसतोच. बाबा म्हणतात, फट दिसली की घाट संपला. मला हे मुळीच पटत नाही. या इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते. बोगद्यातले रूळ पुसले नाहीत तर ते आतच अडते. गाडी बंद पाडणारा देखावा काय चाटायचा?

डोंगर उचलताना झुडपे मात्र गळत. आता आम्ही ती डोंगराच्याच काठाला चिकटवतो, फळीला नाही. ही युक्ती बाबांची.